खडूचे अठ्ठावीस गोल

माझा साडू एका जागी बसलेला मी आयुष्यात तीनदा पाहिला. एकदा त्याच्या लग्नात, एकदा दाढ काढून घेताना आणि एकदा घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला तेव्हा. त्या फोटोतही त्याचा उजवा हात हललाय. पंजाच्या जागी नुसता धूर आहे. बाकी सगळा वेळ हा माणूस उभा, नाहीतर चालता, आणि काही ना काही ठोकत असलेला.

कामच तसं होतं म्हणा. जुन्या पत्र्याच्या पिंपांचं एक यार्ड होतं, तिथे तो कामाला. दोनशे लिटरची पिंपं. तेल, गोंद, रंग, साबणाचं रसायन असं काय काय पोटात घालून कुठून कुठून फिरून आलेली, आणि येताना मार खाऊन आलेली. यार्डात ती धुवायची, ठाकठीक करायची, रंगवायची आणि परत भरायला पाठवायची. धुणं म्हणजे आपलं भांडी विसळणं नव्हे. आत कढत कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि हातभर साखळी टाकून पिंप गरागरा फिरवत ठेवायचं, साखळी आतला गंज खरवडून काढते. तो खडखडाट पाव मैलावर ऐकू जायचा. धुणारे चौघे होते, रंगवणारे तिघे. पोचे काढणारा मात्र एकटा माझा साडू. दिवसाला नव्वद पिंपं. यार्डात त्याला सपाटशेठ म्हणत.

पोचे काढायची रीत अशी. पिंपाच्या बुचाच्या जागी हवेची नळी पिळून बसवायची आणि कॉक सोडायचा. आत हवा दाटली की मोठे पोचे धाडकन आपसूक बाहेर येतात. बारीक उरले त्यांच्यावर लाकडी मोगरी. त्याच्या आधी चेकर, काठीसारखा उंच माणूस, हातात खडू घेऊन पिंपांच्या रांगेतून फिरून जाई. पोचा दिसला की भोवती एक गोल. गोल म्हणजे हुकूम, इथला पोचा काढ. साडू पुढे पुढे पिंप बघतच नसे. गोल बघायचा, ठोकायचा, अंगठ्याने गोल पुसायचा, पुढे. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण या खडूच्या गोलापायी झालं.

घरीही तेच. माझ्या बायकोचं एक दूध मोजायचं भांडं होतं. त्याला आतून एक पोचा. त्या पोच्यापर्यंत दूध घेतलं की बरोबर चार कप चहा. साडू एका दुपारी आला, गप्पा मारता मारता भांडं हातात घेतलं आणि पोचा नाहीसा. पुढे महिनाभर आमच्याकडचा चहा कधी पाणी तर कधी औषध. मी एकदा दवाखान्यात पडून होतो, तर मला बघायला आला आणि माझ्या खाटेखालचं पॉट सरळ करून गेला. नर्स म्हणते, “आजोबा, हे नवीन कोणी आणून दिलं?” बायको म्हणायची, “तुमच्या साडूंना घरात घ्यायचं तर आधी हात बाहेर ठेवून यायला सांगा.”

अशा माणसाच्या पोटी बारकी जन्मली. नाव बारकी, पण बापापेक्षा वीतभर उंच. फरशीच्या कंपनीत ऑफिसात कामाला होती, खुर्ची-टेबल-पंखा सगळं होतं. यार्डाच्या मागे एक म्हातारा राहायचा, जहाजावर फिटर म्हणून जन्म काढलेला. त्याच्याकडे दूरच्या कुठल्याशा बेटांवरून आणलेलं एक वाद्य होतं, पिंपाच्या बुडाचं केलेलं. बारकी एकदा बापाचा विसरलेला डबा द्यायला यार्डात गेली, तिला ते ऐकू आलं आणि संपलं. वर्ष-दीड वर्ष रोज संध्याकाळी त्या जहाज्याकडे. तो पुढे आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. जाताना हिला हातोडे देऊन गेला.

आता ते वाद्य करतात कसं तेही सांगतो, मला बारकीने चारदा समजावलंय. पिंप उलटं ठेवायचं आणि त्याचं बूड घणाने ठोकत ठोकत वाडग्यासारखं खोल न्यायचं. मग त्या वाडग्यात खडूने गोल आखायचे. एकेक गोल म्हणजे एकेक सूर, मोठा गोल खालचा सूर आणि बारका गोल वरचा. गोलांच्या कडेकडेने पंच नावाचं लोखंडी हत्यार ठोकून खाच पाडायची, म्हणजे एका सुराची थरथर शेजाऱ्याच्या घरात जात नाही. मग पिंप खालून कापून टाकायचं, बूड आगीवर भाजायचं, आणि पालथं घालून एकेक गोल जरासा फुगवायचा. त्यानंतर वरून, खालून, टिचक्या मारल्यागत ठोकत सूर लावत बसायचं.

साडूला हे कळलं तेव्हा तो आमच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत म्हणाला, “दादा, जन्मभर मी पोचे काढून घर चालवलं. ही म्हणते मी पोचे पाडून चालवीन!”

बारकी म्हणाली, “बाबा, एक वर्ष द्या.”

फरशीवाल्या साहेबांनीही भलेपणाने खुर्ची वर्षभर राखून ठेवली. ठरलं असं, की वर्षाच्या आत कोणी जाणत्या माणसाने तिचं वाद्य ठेवून घेतलं तर ठीक. नाहीतर वर्ष संपल्यावरच्या सोमवारी गुपचूप खुर्चीत जाऊन बसायचं आणि पुन्हा हातोड्याचं नाव काढायचं नाही. माझी मेहुणी, म्हणजे बारकीची आई, साक्षीला होती. तिने दोघांनाही सांगितलं, “नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.”

घरी ठोकाठोकीवरून शेजारी भांडायला आले, म्हणून यार्डाच्या मालकांनी रंगाच्या शेडमागचा कोपरा बारकीला दिला. म्हणजे बाप आणि लेक एकाच आवारात, शंभर पावलांवर, दिवसभर पत्रा ठोकतायत. एक पाडतेय, एक काढतोय. साडू त्या कोपऱ्याकडे वर्षभर फिरकला नाही. रंगाच्या शेडला जायचं झालं तर धुण्याच्या शेडला वळसा घालून जायचा. “मला काय करायचंय बघून?” असं म्हणायचा. हट्टच.

आणि शेवटचा आठवडा उजाडला. पहिली दोन वाद्यं बारकीने स्वतःच मोडीत काढली होती, सूर टिकत नव्हते म्हणून. तिसरं मात्र हाताला आलं होतं. एका संगीतशाळेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, शनिवारी सकाळी घेऊन या, ऐकते, पटलं तर ठेवून घेते. बूड खोल झालेलं, अठ्ठावीस गोल आखून झालेले, निम्म्या गोलांना खाचा पाडून झालेल्या. सोमवारी सकाळी बारकी पंचाला धार लावून आणायला दूरच्या लोहाराकडे गेली, जाऊन येऊन दिवस मोडणार होता.

आणि नेमका त्याच वेळी रंगाच्या डब्यांचा ट्रक आला. डबे ठेवायला जागा हवी. हमालांनी कोपऱ्यातलं ते एकुलतं पिंप उचललं आणि नेऊन ठेवलं कुठे, तर डावीकडच्या रांगेत. डावीकडची रांग म्हणजे पोचे काढायची पिंपं.

त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण चेकरने, साडूने आणि बारकीने तिघांनीही मला वेगवेगळं सांगितलंय, आणि तिन्हीचा मेळ बसतो.

साडू रांगेतून ठोकत ठोकत तिथवर आला आणि थांबला. बुडावर अठ्ठावीस गोल! “चेकर!” म्हणून ओरडला, पण चेकर होता मालकांकडे. बूड तर विहिरीसारखं आत गेलेलं. साडूला वाटलं, कुठल्या गाढवाने याच्यावर लोखंडी गोळा पाडलाय कोण जाणे. दुसऱ्या कोणी ते पिंप भंगारात ढकललं असतं. हा हटला नाही. नळी बसवली, कॉक सोडला. असा आवाज झाला म्हणतात, की धुणारे चौघेही जमिनीवर आडवे. बूड बाहेर आलं खरं, पण ताणलेला पत्रा तो, सपाट कसला होतोय? भरल्या पोटाच्या माणसासारखं बाहेर डोकावायला लागलं.

आता मात्र त्याच्या अंगात आलं. ताणलेला पत्रा आवळायची एक युक्ती असते, ती फार थोड्यांना जमते. गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा आणि लगेच ओलं फडकं दाबायचं, की तेवढा पत्रा आकसतो. असे शेकडो ठिपके. मधे मोगरी. जेवायला उठला नाही. बाकीची पिंपं पडून राहिली. चारच्या सुमारास बूड आरशासारखं सपाट. चेकर येऊन बघून गेला, धुणारे येऊन बघून गेले, मालकांनीही पाठ थोपटली म्हणतात.

तेवढ्यात बारकी आली. ती आपल्या कोपऱ्याकडून धावत येत होती, पिंप कुठे गेलं विचारत. आणि साडूने, वर्षभरात ज्याने तिच्याशी पत्र्याचा विषय काढला नव्हता त्याने, स्वतः हाक मारली.

“ये, ये, बारके. बघ काम कसं असतं! अठ्ठावीस गोल होते. एक ठेवला नाही.”

बारकीने बुडावरून अंगठा फिरवला. खाचांच्या जागी बारीक रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

“किती वेळ लागला?” तिने विचारलं.

“सकाळपासून बसलोय. म्हणजे, उभाच आहे.”

“मला तीन आठवडे लागले होते,” बारकी म्हणाली. “जिंकलात, बाबा.”

आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं चेकर म्हणाला. सपाटशेठ तिथेच उभा होता, मोगरी हातात, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे हात हलत नव्हते.

दिवेलागणीला साडू आमच्याकडे. दारातून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मी म्हटलं, “अरे बस.” बसला, उठला. कपाटाचं हँडल हलवून बघितलं. पुन्हा खिडकी.

“दादा, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं ते तिचं होतं. ती म्हणते मुद्दाम केलं. आईजवळ म्हणाली. मी असा माणूस आहे का? सांगा ना, आहे का?”

माझी बायको आतून बाहेर आली. “का हो, ती वर्षभर काय करते ते तुम्ही कधी पाहिलं होतंत?”

“नाही, ताई.”

“एकदा तरी?”

“नाही.”

“म्हणून ओळखलं नाहीत?”

“हो ना! तेच तर सांगतोय!”

“मग हे तिला सांगू नका,” बायको म्हणाली. “मुद्दाम केलंत यापेक्षा तिला हे जास्त लागेल.”

पण सांगू नका म्हटलेलं ज्याला पोटात ठेवता येतं तो माझा साडू नव्हे. घरी जाऊन पहिलं तेच सांगून बसला. बारकीने जेवणाचं ताट सारलं आणि म्हणाली, “हीच का तुमची सफाई?”

मंगळवारी साडू पहाटेच उठून यार्डात गेला. दोनशे-अडीचशे पिंपं उभी होती, त्यातल्या प्रत्येकाच्या बुडावर बोटांच्या पेरांनी टकटक करत फिरला. पत्रा कुठे जाड, कुठे पातळ, कुठे आतून गंजाने खाल्लेला, ते त्याच्या पेरांना कळतं. दहा वाजेपर्यंत एक निवडलं. डोक्यावर घेऊन रंगाच्या शेडमागे नेलं. त्या कोपऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. मग मला बोलावणं आलं, कारण बारकी त्याच्याशी बोलत नव्हती.

मी पोचलो तर दोघं दोन टोकांना उभी, मधे पिंप.

“काका, त्यांना सांगा, मला पिंप नको.”

“दादा, तिला सांगा, असं बूड हजारात एक असतं.”

“काका, त्यांना विचारा, माझं होतं ते कितीत एक होतं?”

मी म्हटलं, “अरे, मी काय पोस्टमन आहे का? तुम्हा दोघांच्या मधे पाच हात जागा आहे.”

बारकी माझ्याकडे वळली. “काका, तुम्हाला खरंच वाटतं हे चुकून झालं? सहा तास! जेवण सोडून! मुद्दाम केल्याशिवाय कोण सहा तास घालवतं?”

“हा घालवतो,” मी म्हटलं. “याने माझं पॉट सरळ केलंय दवाखान्यात.”

ती हसली नाही. हातातल्या पंचाला बोटाने चाचपत म्हणाली, “आज मंगळवार. मला एकटीला बूड खाली न्यायला आठवडा लागतो. शनिवार येणार आणि जाणार. सोमवारी मी फरशीच्या ऑफिसात. त्यांना हेच हवं होतं, मिळालं.”

 मी म्हटलं, “बरं, तो खोटारडा आहे असं धर. पण त्याचे दंड तर खोटे नाहीत? ते वापर. शनिवारनंतर वाटलं तर जन्मभर बोलू नकोस.”

ती त्या पिंपाजवळ गेली. मग बोटाच्या पेराने बुडावर एकदा टकटक केलं, जरा सरकून दुसऱ्या जागी केलं. बापाचीच सवय. पिंप चांगलं होतं, हे तिच्या तोंडावर मला दिसलं.

“घण मारायचा,” ती म्हणाली, पहिल्यांदा सरळ त्याच्याशी. “मी बोट ठेवीन तिथे. बोलायचं नाही. थांब म्हटलं की थांबायचं.”

साडूने घण उचलला, आणि हात वरच राहिला. घाम फुटला हो त्याला. चांगल्या, सपाट, निवडून आणलेल्या बुडावर मुद्दाम घाव घालायचा! पहिला घाव मारला तो इतका हलका, की माशी उठली नसती. बारकी म्हणाली, “बाबा, हे पिंप आहे, पाळण्यातलं मूल नाही.” दुसरा जरा बरा. तिसऱ्याला बूड वाकलं आणि साडूच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला. विसाव्या घावानंतर मात्र दंडाला लय सापडली. बारकी बोट ठेवतेय, उचलतेय, घण पडतोय. कडेने गोल फिरत फिरत, हळूहळू आत. ती मधेच लाकडाची फळी टेकवून खोली बघायची, “अजून” म्हणायची. बुधवारी दुपारपर्यंत वाडगा तयार. आठवड्याचं काम दीड दिवसात झालं, पण बारकीने शाबासकी दिली नाही, आणि साडूला मागायचा धीर झाला नाही. तो यार्डातली आपली नव्वद पिंपं करायचा, मधेच धावत इकडे, पुन्हा तिकडे. दोन्हीकडचे लोक त्याला शोधत असायचे.

बुधवारी संध्याकाळपर्यंत गोल आखून झाले. तिने कागदाचे साचे कापून ठेवले होते, ते ठेवून खडू फिरवला. रात्री आणि गुरुवारी सकाळी खाचा. मग पिंप कापलं, लाकडांवर भाजलं, बूड निळंजांभळं झालं. निवल्यावर बारकीने ते पालथं घातलं आणि खालून एकेक गोल फुगवायला घेतला. दुपारपर्यंत अकरा झाले. बूड उलथून बघितलं तर आत अकरा छोट्या छोट्या टेकड्या. मी मुद्दाम गेलो होतो, चहाचा थर्मास घेऊन. आपलं काम नसलं तरी अशा वेळी घरी बसवत नाही.

बारकी हात धुवायला नळावर गेली. साडू आणि मी तिथेच उभे. त्याच्या डाव्या हातात चहा.

“दादा,” तो म्हणाला, “हे वाद्य होईल न होईल. तिचं नशीब. पण तिने एवढं तरी मानावं की मी मुद्दाम नाही केलं.  झोप नाही. काल तर मलाच वाटायला लागलं, की केलं असेन का मुद्दाम? कुठेतरी मनात असेल का, की ही हरू दे? माझं मलाच कळेना.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माणूस रडायला आलेला.  अशा वेळी त्याचे हात कोण बघतं, आणि यार्डाच्या खडखडाटात आणखी एक ठोकणं कोण ऐकतं?

“बाबा,” मागून बारकीचा आवाज आला. अगदी हळू. “उजवा हात.”

साडूने खाली बघितलं, मीही बघितलं. त्याच्या उजव्या हातात मोगरी होती. ती कधी घेतली त्याला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. त्या बुडावरच्या अकरा टेकड्यांपैकी तीन साफ, सपाट, आणि त्यांचे खडूचे गोल अंगठ्याने पुसलेले. चौथीवर मोगरी टेकलेली होती.

चहाचा कप पडला. “हे मी…?” साडू म्हणाला. “बारके, हे मी केलं? आत्ता?” त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता यालाच दवाखान्यात न्यावं लागतंय. मोगरी त्याने विस्तव धरल्यासारखी दूर फेकली.

बारकी भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, आता फुटणार. तर ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, ओल्या हातांनी पुसतेय, पुन्हा हसतेय. “मानलं, बाबा,” म्हणाली, “मानलं! मुद्दाम नव्हतं. मुद्दाम करणारा माणूस स्वतःच घण मारून केलेलं बूड सपाट करत नाही हो. देवा, काय माणूस आहे!”

साडूही हसायला लागला, पण त्याचं हसणं अर्ध्यात थांबलं, कारण तिचं थांबलं होतं.

“पण ओळखलं नाहीत ते खरं,” ती म्हणाली. “वर्षभर शंभर पावलांवर होते मी.”

“हो,” साडू म्हणाला. “ते खरं. त्याला काही उत्तर नाही.”

“नाहीच आहे.”

ती उठली, मोगरी उचलली, आणि पायाखाली पेटी घेऊन शेडच्या आडव्या तुळईवर ठेवली, बापाचा हात पुरणार नाही इतक्या वर. त्याला म्हणाली, “आता तिकडे जाऊ नका. इथे उभे राहा आणि बघा. एकेक गोल करताना सांगत जाते मी काय करतेय ते.” आणि तीन टेकड्या पुन्हा पहिल्यापासून घेतल्या.

शुक्रवार सगळा सूर लावण्यात गेला. मोबाइल पुढ्यात, त्यात एक काटा हलायचा, सूर बरोबर लागला की मधे थांबायचा. एक सूर जागेवर आणला की शेजारचा हलायचा. तो आणला की पहिला रुसायचा. बारकी ठोकतेय, ऐकतेय, मान हलवतेय. साडू मागे, या पायावरून त्या पायावर. मधेच विचारायचा, “हा काय म्हणतोय?” ती सांगायची. “आणि तो मघाचा?” सांगायची. संध्याकाळी सव्वीस सूर जागेवर होते. दोन काही केल्या ऐकेनात.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं बसने निघालो. वाद्य घोंगडीत गुंडाळून बारकीच्या मांडीवर. साडू उभा. कंडक्टर म्हणाला, “काका, सगळी गाडी रिकामी आहे, बसा की.” साडू म्हणाला, “बसलो की जास्त हादरे बसतात.” कोणाला ते त्याने सांगितलं नाही. प्रत्येक खड्ड्याला तो त्या घोंगडीकडे बघत होता.

संगीतशाळेच्या बाई बारीक अंगाच्या, चष्म्याला साखळी. बारकीने वाद्य स्टँडवर ठेवलं, टोकाला रबर लावलेल्या दोन काड्या त्यांच्या हातात दिल्या. बाईंनी आधी नुसतं बघितलं. मग बाहेरच्या मोठ्या गोलांपासून सुरुवात केली. मला संगीतातलं काही कळत नाही, आमच्या शाळेत घंटा तेवढी वाजायची, पण पत्र्याच्या पिंपातून असा आवाज निघतो हे मी कानांनी ऐकलं म्हणून सांगतो. दगड टाकल्यावर पाण्यावर वलयं जातात ना, तसा तो खोलीभर जात होता. साडू दारात उभा होता. काल त्याने सुटे सूर ऐकले होते, पण असं सलग तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

बाई विसाव्या सुराशी थांबल्या. पुन्हा मारला. मान वाकडी. पुढे गेल्या. पंचविसाव्याशी पुन्हा तेच.

“हे दोन बरोबर नाहीत,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे,” बारकी म्हणाली. “आणखी एक आठवडा मिळाला तर बसतील. एक पिंप मधेच गेलं माझं.”

“कसं गेलं?”

दारातून साडूने घसा खाकरला. बारकीने तिकडे बघितलं नाही. “यार्डात असं होतं कधी कधी,” म्हणाली.

बाईंनी बूड खालून चाचपलं. बोटं फिरवत राहिल्या. “बूड फार एकसारखं खाली आलंय. कुठे पातळ नाही, कुठे लहर नाही. हे कोणी केलं?”

“आमच्या यार्डातला एक माणूस आहे,” बारकी म्हणाली. “हात चांगला आहे. लक्ष ठेवावं लागतं.”

दारात साडू एका जागी, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभा राहिला. मोजून सांगत नाही, पण बराच वेळ.

बाई म्हणाल्या, “हे राहू दे इथे. मुलींना वाजवू दे. पुढच्या शनिवारी येऊन हे दोन सूर लावून द्या. आणि असंच आणखी एक करायला घ्या. एकाला जोडी लागते.”

आम्ही बाहेर पडलो.  रिकामी घोंगडी घडी करून तिने काखेत मारली होती. बसथांब्यावर मला राहवेना. “अगं, सोमवारचं काय मग? फरशीवाल्यांना कळवायला हवं.”

“संध्याकाळी कळवते.” मग बापाकडे वळून म्हणाली, “नवीन पिंप निवडून ठेवा.”

साडू थांब्यावर या टोकाकडून त्या टोकाला चालला होता. मधेच थांबला. “सोमवारी मी कधी येऊ तिकडे? बघायला. नुसतं बघायला.”

बारकीने त्याच्या हातांकडे बघितलं.

“जेवून या,” म्हणाली. “उपाशी असलात की तुमचे हात जास्त चालतात.”